पानछाप चाकू

१४ नोव्हेंबर

आज पंढरीने लातूरहून एक चाकू आणला.

पंढरी माझा चौथीपर्यंतचा सोबती. एका तरटावर बसत होतो. तो पुढे शिकला, एस.टी.त कंडक्टर झाला. मी बापाच्या भट्टीवर बसलो. दर वर्षी तोच मला डायरी देतो. म्हणतो, "लिहीत जा. मनातलं मनात ठेवून तुझं पोट बिघडतं." लग्नाला म्हणून तो लातूरला गेला होता. आला आणि पिशवीतून चाकू काढून माझ्या हातावर ठेवला.

"काय गड्या, लातुरात दुकान टाकलंस आन मला साधा पेढा बी न्हाई?"

मला वाटले थट्टा करतो. मग चाकू उलटा करून अंगठ्याने चाचपला. पात्याच्या बुडाशी लिंबाचे पान. माझी छाप.

हा ठसा माझ्या बापाने देगलूरला कोरून घेतला होता. शिसवी मूठ, चार बोटांचे पाते, घडी करून खिशात टाकायचा. कलम बांधणारे, मेंढरे राखणारे, पानमळ्यातले, सगळे भोकरला येऊन 'पानछाप द्या' म्हणतात. मलप्पा हे नाव पुष्कळांना ठाऊकही नाही. ठशाच्या देठाचा तुकडा दहा वर्षांपूर्वी उडाला, तेव्हापासून माझ्या पानाला देठ अर्धाच उमटतो. लातूरच्या चाकूवरही देठ अर्धाच. म्हणजे चोराने माझे व्यंगसुद्धा सोडले नाही.

हातात घेताच मला कळले की खोटा आहे. खटका कोरडा वाजतो. मूठ निर्जीव लागते. पंढरी म्हणाला, "मला तर तुझाच वाटला की." त्याला काय कळते. तिकिटे फाडली जन्मभर.

सून अंबिकाला दाखवला. तिने पाहिला आणि खाली ठेवला. माझा मुलगा गेल्याला पाच वर्षे झाली, तेव्हापासून ती अशीच कमी बोलते. भट्टीचा पंखा फिरवते, तयार मालाला तेल-पॉलिश करते, स्वयंपाक करते. जगात काय चालले आहे याचे तिला काही नाही.

उद्या कुणी लातुरात त्या चाकूने कुणाचा कोथळा काढला तर पोलीस कुठे येतील? माझ्या दारात. छाप माझी. कडी दोनदा पाहून आलो. तिसऱ्यांदा जावे असे वाटते आहे.

१८ नोव्हेंबर

आज तीन कमानी केल्या. कमान म्हणजे पाठीमागची पट्टी, जी पाते उघडे धरून ठेवते. चाकूचा सगळा भरवसा तिच्यावर. ती एकदा लाल करून विझवली की परत मंद तापवायची. आधी पिवळी पडते, मग जांभळट, मग मोराच्या मानेसारखी निळी. निळी दिसली की त्याच क्षणी पाण्यात. निळी उलटून राखाडी झाली की कमान मेली. मग ती शिशासारखी वाकते आणि चाकू धरणाऱ्याच्याच बोटांवर मिटतो. बापाने मला हे मारून शिकवले.

पण हल्ली निळा रंग लवकर येत नाही. आज अंबिका पंखा फिरवता फिरवता म्हणाली, "मामा, झाली निळी. काढा."

"कुठं निळी? पिवळीच हाय की अजून."

"मामा, काढा हो."

"तू पंखा फिरव."

बाईमाणसाला घाई फार. मी मनात शंभर मोजले तेव्हा कुठे रंग बदलल्यासारखा वाटला. कोळशात भेसळ आहे, दुसरे काय. आजकाल कोळसाही खोटा.

तरी एक समाधान आहे. भट्टीतून काढताना मनाला पटलेले नसते, रात्रभर काळजी वाटते. पण चार दिवसांनी अंबिका पॉलिश करून डब्यात ठेवते, तेव्हा त्यातला कुठलाही चाकू उघडून पाहावा. खटका असा वाजतो की माझे मलाच नवल वाटते. हा आवाज लातूरवाल्याच्या बापाला जमणार नाही.

अंबिका परवा उदगीरला जाते आहे, भावाच्या लग्नाला. आठ दिवस. आतापासूनच चारदा बजावले, "मी येईस्तोर माल देऊ नका, मामा. पॉलिश राहिलंय." दुकान कुणाचे आहे?

२८ नोव्हेंबर

आठ दिवस हाताने भाकरी थापल्या. करपल्या. पोट बिघडले.

डब्यातला माल संपला होता. गिऱ्हाईक परत कसे पाठवावे? लोक हदगावहून बस बदलून येतात. बाकावरचा माल तसाच दिला. पॉलिश नव्हते तर नव्हते, पोलाद माझेच होते.

पंढरीचा धाकटा पोरगा सुगतही आला होता. विष्णुपुरीच्या बाजूला एका नर्सरीत कलमे बांधतो. हात फार जलद आहे त्याचा, मालक त्याच्यावर खूश आहे. मालकानेच नवा चाकू घ्यायला पाठवले होते. त्याने उघडझाप करून पाहिली.

"काका, जरा ढिला वाटून राहिलाय."

"नवा हाय. बसंल चार दिवसांत."

"तुम्ही म्हणताव तर बसंलच," म्हणाला आणि पाया पडून गेला. गुणी पोरगा आहे.

काल अंबिका आली. पाणीसुद्धा प्याली नाही, आधी बाकाकडे गेली.

"मामा, हितले चाकू?"

"दिले."

"कुणाला दिले?"

"ज्याला पाहिजे होते त्याला. का? इचारून द्यायचे का आता?"

पिशवी न ठेवताच ती बाकाखाली वाकून पाहू लागली. तिला वाटत असेल म्हाताऱ्याने फुकट वाटले.

८ डिसेंबर

आज जे झाले ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी काही म्हटले तर.

सकाळी नर्सरीचे मालक सटवाजीराव जीप घेऊन आले. बरोबर पंढरी आणि सुगत. सुगतच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. परवा कलम बांधताना चाकू मिटला आणि पहिल्या बोटाची शीर तुटली. डॉक्टर म्हणाले आहेत की बोट जाणार नाही, पण वाकणारही नाही. कलम बांधणाऱ्याचे ते बोट गेले म्हणजे काय राहिले?

मालकांनी चाकू रुमालातून काढला. रक्त वाळलेले होते.

"मलप्पाकाका, मी ह्याला चांगल्या चाकूचे पैसे देऊन तुमच्याकडं पाठवलं होतं. लातुरात निम्म्या किमतीत खोटा मिळतो, हे मला बी ठाऊक हाय. आन ह्याची बहीण लातुरात असती. ह्यानं तिथला घेऊन बाकीचे पैसे ठेवले का, आता तुम्हीच सांगा."

सुगत म्हणाला, "काका, तुमच्याकडूनच नेला मी. हितं बसूनच दिलाव तुम्ही."

मी चाकू उघडला. मिटला. पुन्हा उघडला. कमान मेलेली होती. अंगठ्याने दाबली तर पाते पडले. साठ वर्षांत माझ्या हातून अशी कमान झालेली नाही. मला बापाची शपथ आहे.

पंढरी माझ्या समोर बसला. आज थट्टा नव्हती. "मलप्पा, मला बाकी काय नको. तू फकस्त एवढं सांग, ह्यो चाकू तुझा हाय का?"

मी म्हणालो, "माझा न्हाई."

"काका!" सुगत उठला. "तुम्हीच दिला हो. ढिला हाय म्हटलो तर बसंल म्हणालाव."

मी म्हणालो, "मी दिला तो चांगला होता. तो काय केलास तूच जाणे. ही कमान माझी न्हाई."

आमच्यात रीत आहे. छाप चोरलेला माल परत कुणाच्या हातात जाऊ द्यायचा नाही, ऐरणीवर मोडायचा. माझ्या बापाने दोनदा मोडला होता. मी घण उचलला. तेवढ्यात अंबिका आतून धावत आली. तिने माझा हात धरला. परक्या माणसांसमोर.

"मामा, मोडू नका. नका मोडू. ठेवा तसाच."

"सोड हात!"

तीन घावात तुकडे केले. पात्याचे तुकडे झाले, कमान नुसती वाकली. मी ती सगळ्यांना दाखवली. म्हणालो, "बघा. पानछाप असं वाकतं का?" मग सगळे भट्टीत टाकले.

सटवाजीराव सुगतला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." दवाखान्याचे मी बघतो म्हणाले, तेवढे माणुसकीने वागले.

पंढरी उठला आणि त्याने रस्त्यावर, चारचौघांत, पोराच्या तोंडात मारली. बँडेज बांधलेला पोरगा. "मी तीस वर्षं सरकारी थैली वाहिली, एका पैशाला डाग न्हाई, आन तू!" सुगत रडला नाही. जीपकडे जाताना वळून माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "काका, तो तुमचाच होता."

जीप गेल्यावर घण जागेवर ठेवला. नाव वाचले. हे सगळे त्या लातूरवाल्यामुळे.

९ डिसेंबर

जेवण गेले नाही. अंबिकाही जेवली नाही. तिला काय झाले आहे कळत नाही. माझ्याकडे पाहतच नाही.

१६ डिसेंबर

लातूरला जाऊन आलो. आधी भोकरहून नांदेड, मग नांदेडहून लातूर. बसच्या पाट्या हल्ली इतक्या बारीक लिहितात की तीनदा विचारावे लागले. आधार कार्ड आतल्या खिशात होते, ते चाचपून चाचपून खिसा विटला.

गोलाईच्या बाजारात, आतल्या बाजूला दुकान सापडले. कुलपे, बिजागऱ्या, आणि टोपलीत चाकू, भाजीसारखे. मालकाचे नाव ईश्वरप्पा. चाळिशीचा, गालात पान.

मी म्हणालो, "हे पान माझं हाय."

"तुमचं? म्हंजे तुम्हीच का ते मलप्पा?" तो उठून उभा राहिला. मला वाटले घाबरला. "अरे, काकांना खुर्ची द्या! च्या सांगा! लई उपकार हाईत तुमचे. ह्या टोपलीत सगळ्यात आधी संपतं ते पानछाप."

"लाज न्हाई वाटत? ही चोरी हाय."

"काका, मी कुठं करतो? गोणीत येतं बाहेरून. नमुना दिला की म्हणाल ती छाप मारून देतात. उद्या तुमचा फोटो म्हणलं तर तुमचा फोटो."

"त्या खोट्या चाकूनं पोराचं बोट गेलं."

आता मात्र त्याचा चेहरा बदलला. "ह्या चाकूनं? न्हाई जमत. दोन वर्षं इकून राहिलो, एक परत आला न्हाई. हे बघा." त्याने एक उघडला आणि उलट्या पात्याने टेबलाच्या कडेवर दोन-तीनदा आपटला. पाते हलले नाही. यंत्राची कमान असते, त्यात काय कौतुक.

मी म्हणालो, "पोलिसात जाईन."

"जावा की. पर आधी घर बघा. तुमच्या भोकरचीच एक ताई महिन्याला डझनभर नेती. दोन वर्षं झाली. सावळी, उंच. डाव्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग हाय. हमेशा म्हणती, डबी नको, नुसते कागदात बांधून द्या."

अंबिकाच्या डाव्या मनगटावर असा डाग आहे. माझ्याच भट्टीचा.

चहा तसाच ठेवून निघालो. बसमध्ये शेजारच्या बाईने दोनदा विचारले, बाबा बरं वाटत नाही का. दर महिन्याला पॉलिशचे सामान आणायला म्हणून ती लातूरला जाते. मी कधी विचारले नाही. आता सगळे उलगडले. नमुना हिनेच दिला. छाप हिनेच विकली. माझ्याच चुलीजवळ बसून.

१७ डिसेंबर

सकाळीच विचारले. "लातूरचे चाकू तू आणतेस?"

ती भाकरी थापत होती. "हाव. आणते."

एवढे सरळ म्हणेल असे वाटले नव्हते. "आन नमुना? नमुना तूच दिलास ना?"

"नमुना कशाला द्यावा लागतोय, मामा? सगळ्या मुलुखाच्या खिशात तुमचा चाकू हाय."

"मग आणतेस कशाला? इकतेस? कुणाला?"

भाकरी तव्यावर टाकली. उलटली. मग म्हणाली, "आधी नांदेडला चला, डोळे दाखवा. मग सांगते."

"मधीच डोळे कुठून आले?"

"दाखवा. मग सांगते."

मी तिला घरभेदी म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. म्हणालो, माझ्या घरातून चालती हो. ती म्हणाली, "जाईन. डोळ्याचं झालं की जाईन."

आता समजले. डोळ्याला पट्टी बांधली की घराच्या कागदांवर अंगठा घेणार. कागद पिठाच्या डब्यात लपवले. मग आठवले की पीठ तीच काढते. तिथून काढून भात्याच्या जुन्या कातड्यात ठेवले.

२३ डिसेंबर

तक्रारीचा अर्ज स्वतः लिहिला. एरवी पंढरी लिहून देतो. तो आता येत नाही, रस्त्यात दिसला तर बाजू बदलतो. मी काय वाईट केले? खरे बोललो.

तहसीलसमोर अर्ज लिहिणारे बसतात, त्यांच्यापैकी एकाला दाखवला. त्याने कागद जवळ धरला, लांब धरला.

"बाबा, हे काय? ओळीवर ओळ लिवलीय. वाचावं कसं?"

"चोराचं नाव लिवलंय, ते वाच."

"चोर ऱ्हाऊ द्या. चोर समोर आला तर वळखाल का? मी किती बोटं धरलीत सांगा."

मी तीन म्हणालो. आजूबाजूचे हसले.

ठीक आहे. डोळे करून घेतो. एकदा स्वच्छ दिसू लागले की खरा-खोटा चाकू कुठल्याही साहेबासमोर शेजारी ठेवून दाखवीन. अंबिकासाठी नाही, अर्जासाठी.

२० जानेवारी

दोन्ही डोळ्यांचे झाले. आधी उजवा, मग डावा. मोतीबिंदू पिकून तांबडा झाला होता म्हणाले. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "बाबा, इतकी वर्षं काय करून राहिला होता तुम्ही?" महिनाभर आगीजवळ जायचे नाही, धूळ नाही, वाकायचे नाही.

घराच्या भिंती पांढऱ्या आहेत. मला वाटत होते चुना जुना होऊन पिवळा पडला. आकाशाकडे पाहिले तर ते इतके निळे की खोटे वाटले. अंबिकाचे केस कानाजवळ पार पिकले आहेत. तिचे वय अजून चाळीसही नाही. हे कधी झाले?

तिने माझे सगळे केले. औषधाचे थेंब दिवसातून सहा वेळा. अंगठा मागितला नाही. कागद कुठे आहेत विचारलेही नाही.

मागची पाने वाचायला घेतली. नोव्हेंबरच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. लिहिताना सरळ वाटल्या होत्या.

२० फेब्रुवारी

आज भट्टी पेटवली. पंखा मीच फिरवला. अंबिका दारात उभी राहिली, आत आली नाही.

कमान तापवायला धरली आणि सवयीने मोजू लागलो. चाळीसही झाले नव्हते. निळी झाली. अशी निळी की डोळ्यांत पाणी आले, मोराची मान. मी पाण्यात घातली. तिला वाकवून पाहिले, उडी मारून जागेवर आली.

मग दुसरी धरली. ही मी काढली नाही. शंभरपर्यंत मोजले, जसा मोजत होतो. पन्नासला निळी विझू लागली. सत्तरला राखाडी. शंभरला मेलेली. पाण्यात घालून अंगठ्याने दाबली. वाकली आणि वाकलेलीच राहिली. ८ डिसेंबरला ऐरणीवर अशीच वाकली होती, मी सगळ्यांना दाखवली होती.

बाकावर बसलो. अंबिकाला म्हणालो, "किती दिवस?"

"दोन वर्षं," अंबिका म्हणाली. "आधी एखादी बिघडायची. मग सगळ्याच."

"माझे चाकू कुठं गेले?"

"पडक्या हिरीत टाकले. डब्यात लातूरचे ठेवायची. तेल आन काजळी चोळून."

म्हणजे डब्यातला जो खटका ऐकून मला नवल वाटत होते, तो ईश्वरप्पाच्या टोपलीतला होता.

मी म्हणालो, "तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगत नव्हते? रोज सांगत होते, निळी झाली, काढा. तुम्ही ऐकलाव? डोळे दाखवा म्हणलं तर घरातून जा म्हणलाव." मग हळू आवाजात, "आन मला बी वाटलं, चालतंय तंवर चालू द्यावं. चूक माझी बी हाय, मामा. त्या दिवशी सुगतसमोर बोलायला पायजे होतं मी. तोंड उघडलं असतं तर दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं असतं. नुसतं मोडू नका म्हणले."

आणि मी मोडला.

तिने विचारले, "मी उदगीरला होते तवा बाकावर तीन होते. तिन्ही दिलाव?"

तिन्ही दिले.

२१ फेब्रुवारी

नर्सरीत गेलो. सटवाजीराव रोपांना पाणी देत होते. मी उभ्यानेच सांगितले. चाकू माझा होता, कमान मी मारली, मला दिसत नव्हते, पोरगा खरे बोलत होता.

त्यांनी पाइप खाली ठेवला. माझा हात धरून सावलीत बसवले.

"काका, तुमचं मन लई मोठं हाय. पोराची हळहळ वाटती, मला कळतंय. पंढरी तुमचा लहानपणचा दोस्त. पर दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊ नये माणसानं."

"सटवाजीराव, मी खरं सांगतो. मला मोतीबिंदू होता."

"असंल की. पर त्याच महिन्यात माझ्या दुसऱ्या पोरांनी बी तुमच्याकडून चाकू आणले. बघा, हे बघा, कसे खणखणीत हाईत! मोतीबिंदू होता तर हे कसे चांगले निघाले?"

"हे माझे न्हाईत. हे लातूरचे हाईत."

ते हसले. कामाला असलेल्या बायका-पोरांना हाक मारून गोळा केले. "बघा रे. माणूस असा असतो. पोराची नोकरी वाचावी म्हून आपलं साठ वर्षांचं नाव मातीत घालून राहिलाय. शिका काही." एका बाईने पदराने डोळे टिपले.

मी म्हणालो, "तो चाकू असता तर दाखवला असता."

"तुम्हीच मोडलाव, काका. खोटा म्हून." मग म्हणाले, "जाऊ द्या. सुगतच्या जागी माणूस ठेवलाय मी. त्याला बी एक पानछाप लागंल. पाठवून देताव का?"

२२ फेब्रुवारी

पंढरीकडे गेलो. त्याच्या बायकोने, भामाबाईने, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत गेली. पंढरी खाटेवर बसून होता. मी सगळे सांगितले. मालकांनी विश्वास ठेवला नाही हेही सांगितले.

पंढरीने ठेवला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

शेवटी म्हणाला, "तुझ्या एका शब्दावर मी लेकाला रस्त्यावर मारलं, मलप्पा. माझ्या बापानं मला कधी हात लावला नव्हता. तो बोलत होता आन मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो."

सुगत आता लातूरला बहिणीकडे आहे, विशाखाकडे. एका गोदामावर रखवालीला बसतो. वाकत नसलेल्या बोटाने दुसरे काम मिळत नाही. दोन महिने त्याने बापाचा फोन उचललेला नाही.

पंढरी म्हणाला, "माझ्या फोनवरून उचलणार न्हाई. तुझ्यावरून लाव."

मी लावला. त्याने उचलला. मी अडखळत, मागचे पुढे करत, सगळे सांगितले. पलीकडून ट्रक मागे घेत असल्याचा आवाज येत होता.

"मला ठाऊक होतं, काका," तो म्हणाला. "मीच नेला होता की."

"मग तू नीट बोलला का न्हाईस रे, बाबा?"

"बोललो की. तीनदा बोललो. तुम्ही तिथंच होताव."

पंढरी माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, "मी लातूरला येतो. तू म्हणशील त्याच्यासमोर सांगतो."

"येऊ नका. आता कुणाला सांगून काय करताव." मग म्हणाला, "काका, त्या आठ दिवसांत अजून कुणाला दिलाव?"

"अजून दोघांना."

"त्यांच्याकडून आधी काढून घ्या. माझं राहू द्या. कोण हाईत?"

एक हदगावचा मेंढरेवाला, मारोती. त्याचे गाव ठाऊक आहे, उद्या पहिल्या बसने जातो. देईल की नाही ठाऊक नाही. पानछाप आहे म्हणून छातीशी धरील.

"आन दुसरा?"

दुसरा संध्याकाळी आला होता. दाराकडे पाठ होती, उजेड मागून होता. आवाज तरुण वाटला होता. बरोबर कुणी होते, की नव्हते. पिशवी होती. कुठला म्हणून मी विचारले होते, त्याने गावही सांगितले होते, पण मी तेव्हा भाकरी करपते म्हणून आत पाहत होतो.

"काका? दुसरा कोण?"

मी आठवतो आहे म्हणालो. फोन चालू ठेवून तो बराच वेळ वाट पाहत राहिला. अजूनही आठवतो आहे. चेहरा आठवणार नाही. तो मला दिसलाच नव्हता.